डाव्या काखेतली गाठ

क्षयावरच्या बीसीजी लसीची सुई डाव्या दंडावर देतात, त्यामुळे गाठ येते तीही बहुधा डाव्याच काखेत. घाटकोपर पश्चिमेला भटवाडीच्या बाजूला एका बालरोगतज्ज्ञ बाईंचा दवाखाना आहे. तीसेक वर्षं झाली. अधूनमधून एखादी आई हीच तक्रार घेऊन येते: मालिशवाल्या मावशींच्या हाताला काहीतरी लागलं. बाळ दोन-तीन महिन्यांचं असतं, हसरं, वजन नीट वाढणारं. बाई गाठ चाचपतात, मग दुसरी काख, मान, जांघा. पोटावर हात ठेवून यकृत आणि प्लीहा वाढलेत का ते पाहतात आणि सांगतात, शेकू नका, चोळू नका, लेप तर अजिबात लावू नका. बहुतेक गाठी आपोआप बसतात. काही पिकतात, सुईने पू काढावा लागतो. तेवढ्यावर भागतं.

पण एखाद्या बाळाची गाठ बसत नाही. महिन्याभराने मानेत दुसरी येते, ताप उतरत नाही, पोट फुगतं, वजनाचा काटा थांबतो. बीसीजीत जिवंत जंतू असतो. गाईगुरांना क्षय देणारा हा जंतू काल्मेत आणि गेरँ या दोघा फ्रेंच संशोधकांनी तेरा वर्षं प्रयोगशाळेत पुन्हापुन्हा वाढवून दुबळा केला आणि १९२१ साली पहिल्यांदा माणसाच्या बाळाला दिला. तेव्हापासून कोट्यवधी बाळांनी तो पचवला. मग ह्याच बाळाला त्याने का धरावं?

बाई महापालिकेच्या रुग्णालयात शिकत होत्या तेव्हा ह्या प्रश्नाला ठरलेली उत्तरं होती. कुपोषण, घाणेरडं पाणी, दाटीवाटीची वस्ती, आणि ह्यांपैकी काहीच लागू पडत नसेल तर ‘इम्युनिटी कमी’. ह्या शेवटच्या उत्तराचा त्यांना आजही राग येतो. ते ऐकलं की आईबाप टॉनिक मागतात, च्यवनप्राश सुरू करतात, आणि विचार करणं तिथेच थांबतं. जणू प्रतिकारशक्ती म्हणजे टाकीतलं पाणी, कुणाकडे भरलेली तर कुणाकडे अर्धी. प्रत्यक्षात बाईंनी अशी मुलं पाहिली की ज्यांना कांजिण्या आल्या आणि शेजारच्या मुलांसारख्याच गेल्या, सर्दी-खोकला इतरांइतकाच झाला, पण बीसीजीच्या दुबळ्या जंतूने मात्र त्यांना अंथरुणाला खिळवलं. भोक एकाच ठिकाणी होतं. ते कुठे आहे, हे शोधायचं होतं.

ते सापडायला १९९६ साल उजाडलं. माल्टा बेटावरच्या एका गावातली काही मुलं आणि बीसीजी सर्वांगात पसरून दगावलेलं ट्युनिशियातलं एक बाळ, ह्यांच्यात इंटरफेरॉन गॅमा ह्या रेणूचा निरोप टिपणारा ग्राहक बनवणाऱ्या जनुकातच दोष असल्याचं दोन गटांनी एकाच वेळी दाखवलं. दोन वर्षांत इंटरल्यूकिन-१२ आणि त्याचा ग्राहक, ह्यांचेही दोष सापडले. क्षयाचा किंवा बीसीजीचा जंतू शरीरात शिरला की भक्षक पेशी त्याला गिळतात, पण गिळणं म्हणजे मारणं नव्हे. गिळलेल्या जंतूला मारण्यासाठी त्यांना मदत लागते. त्या इंटरल्यूकिन-१२ सोडतात, ते टी पेशींना कळतं, टी पेशी उलट इंटरफेरॉन गॅमा पाठवतात आणि मग भक्षक पेशीच्या पोटातला जंतू मरतो. ह्या देवाणघेवाणीत एका जागी ग्राहक नसला की झालं. घरात माणूस आहे, दारात पाहुणा उभा आहे आणि बेलच बिघडलेली.

बाईंना हे सगळं बऱ्याच उशिरा, एका परिषदेत कळलं. त्यांच्या लक्षात राहिलं ते त्यातलं व्यवहाराचं अंग. बेल इंटरल्यूकिनच्या बाजूची बिघडली असेल तर इंटरफेरॉन गॅमा बाहेरून सुईने देता येतं. इंटरफेरॉनचाच ग्राहक पूर्णपणे गायब असेल तर कितीही सुया टोचा, उपयोग नाही, अस्थिमज्जा बदलण्याखेरीज मार्ग उरत नाही. म्हणजे दोन बाळं तंतोतंत सारखी दिसतील, दोघांच्या काखेत सारखीच गाठ असेल आणि उपचार मात्र वेगळे. आणखी एक गोष्ट दवाखान्यातल्या डॉक्टरलाही ठाऊक हवी: बीसीजीच्या जंतूवर पायराझिनामाइड हे क्षयाचं नेहमीचं औषध मुळातच चालत नाही. टीबीचा ठरलेला कोर्स डोळे मिटून लिहून दिला, तर त्यातली एक गोळी फुकट जाते.

तपासणीसाठी परळ गाठावं लागतं. केईएमच्या आवारात राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे. १९५७ मध्ये रक्तगटांचं संदर्भ केंद्र म्हणून ती सुरू झाली, आणि आता जन्मजात प्रतिकारदोषांच्या निदानासाठी देशभरातून तिथे नमुने येतात. तिथून जवळच वाडिया, मुलांचं रुग्णालय, तिथेही ह्या विषयाचा विभाग आहे. (रक्तगटांवरून आठवलं: ज्याला जग ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हणतं तो डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ साली ह्याच शहरात ओळखला. दहाएक हजारांत एखाद्याचा असतो. रक्त मिळवताना ह्या लोकांचे हाल होतात. पण त्यांच्यात जी दोन जनुकं बंद असतात त्यांतलं एक ज्यांच्यात बंद आहे, त्यांना जुलाब-उलट्यांचा नोरोव्हायरस, निदान त्याच्या नेहमीच्या जाती, सहसा धरत नाही. आतड्याच्या अस्तरावर त्याला चिकटायला जागाच मिळत नाही. एकीकडे अडचण, दुसरीकडे सवलत. जनुकांचा हिशेब असा असतो.)

सुरुवातीच्या काळात बाई नमुना कुणाच्या तरी हाती पाठवत. हिरव्या टोपणाची हेपॅरिनची नळी, बर्फात ठेवायची नाही, आणि शक्य तर त्याच दिवशी पोचवायची. सोबत एका निरोगी, नात्याबाहेरच्या माणसाची तशीच नळी. पांढऱ्या पेशी प्रवासाने थकतात. मग यंत्रावर दिसलेला दोष मुलाचा की लोकलच्या गर्दीचा, हे ठरवायला तेवढाच प्रवास केलेलं दुसरं रक्त लागतं. दवाखान्यातल्या रिसेप्शनच्या ताईंनी ह्या कामी बरेचदा आपला दंड पुढे केला. एकदा मुलाचा बाप दोन्ही नळ्या शर्टाच्या खिशात घेऊन स्लो लोकलने परळला गेला आणि परत येऊन म्हणाला, ‘मॅडम, दोन्ही रक्तं लालच दिसतात हो.’

खरं तर परळला जाण्याआधीच बरंच काही घाटकोपरात कळू शकतं, हा बाईंचा आग्रह. साधा सीबीसी. कोपऱ्यावरच्या लॅबच्या रिपोर्टात पांढऱ्या पेशींची एकूण संख्या असते आणि लिम्फोसाइटची टक्केवारी असते. दोहोंचा गुणाकार कुणी करत नाही. तान्ह्या बाळात हा आकडा तीन हजारांच्या बराच वर असायला हवा. एकूण आठ हजार आणि लिम्फोसाइट बारा टक्के, म्हणजे हजारसुद्धा नाहीत. रिपोर्टावर कुठेही लाल खूण नसते आणि तरी हे बाळ अत्यंत धोक्यात असू शकतं. अशा वेळी छातीच्या एक्सरेत थायमस ह्या टी पेशी घडवणाऱ्या ग्रंथीची सावली आहे का, तेही बघायचं. न्यूमोनिया शोधण्याच्या नादात ती रिकामी जागा नजरेतून सुटते.

दुसरी खूण आजीबाईंच्या ताब्यातली. नाळ कधी पडली? साधारण आठवडा-दोन आठवड्यांत पडते. एका घरी महिना उलटला तरी पडली नव्हती, बेंबी लाल झालेली, आणि पू मात्र टिपूसभर नाही. पांढऱ्या पेशी प्रचंड वाढलेल्या. त्या रक्तात फिरत होत्या, पण रक्तवाहिनीच्या भिंतीला धरून बाहेर पडायला लागणारं प्रथिनच त्यांच्याकडे नव्हतं, त्यामुळे जिथे लढाई चालली होती तिथे एकही पेशी पोचत नव्हती. आजी म्हणाली, सटवाईने लिहिलं ते चुकतं का. बाईंनी वाद घातला नाही. त्या वेळी त्यांना आजीकडून तारीख हवी होती, आणि ती आजीने बिनचूक सांगितली.

सगळ्यांत जास्त शिकवलं ते मात्र एका साध्या प्रश्नाने. ‘आधीचं मूल?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘हेच पहिलं.’ कारण गेलेलं मूल मोजायचं नाही अशी अनेक घरांत रीत आहे. नव्या बाळासमोर त्याचं नाव काढणं अशुभ. सोलापूरकडच्या एका कुटुंबात तिसऱ्या भेटीला, आई बाहेर गेल्यावर, आत्या हळूच बोलली: आधी एक मुलगा झाला होता, गावाला, चौथ्या महिन्यात गेला, ‘न्यूमोनिया’ म्हणाले. नवराबायको एकमेकांची आते-मामे भावंडं. दोघांच्याही अंगात एकाच आजोबांकडून आलेली, न दिसणारी एक चूक असू शकते आणि दोन्ही चुका एका बाळात एकत्र येऊ शकतात. तेव्हापासून बाई प्रश्न तीन तऱ्हांनी विचारतात. किती वेळा दिवस राहिले? किती बाळंतपणं झाली? माहेरी, आईच्या भावंडांत, कुणाचे मुलगे लहानपणी गेले? आणि सासूला बाहेर बसवून.

त्या घरातल्या मुलीत इंटरल्यूकिन-१२ च्या ग्राहकाचा दोष निघाला. बीसीजीची गाठ, पाठोपाठ साल्मोनेलाचा ताप, तोही पुन्हापुन्हा. हे दोन जंतू ह्या दोषात जोडीने येतात, कारण दोघेही भक्षक पेशीच्या आत लपून राहतात. तिला दीर्घकाळ औषधं चालली, इंटरफेरॉन मिळवण्यासाठी ट्रस्टांच्या पायऱ्या झिजल्या. मुलगी जगली, शाळेत जाते. प्रत्येक गोष्ट अशी संपली नाही. काही कुटुंबं परळला गेलीच नाहीत, काही गावी निघून गेली आणि फोन लागेनासा झाला.

निदानानंतरचं समजावणं निदानाहून अवघड. ‘दर चारात एक’ असं सांगितलं की लोक हिशेब मांडतात: एक गेलं, म्हणजे पुढची तीन सुरक्षित. बाई आता आकडा सांगत नाहीत, टेबलावर दोन नाणी फेकून दाखवतात. दोन्ही छापे पडले की बाळ आजारी. मग म्हणतात, पुन्हा फेका. नाण्यांना मागचं आठवत नाही, हे बापाला पटकन पटतं.

क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीजमध्ये प्रश्न आणखी नाजूक. ह्यात पांढऱ्या पेशी जंतू गिळतात, पण त्याला मारणारा रासायनिक मारा करू शकत नाहीत, यकृतात आणि फुफ्फुसात गळवं होतात, बुरशी धरते. त्याचा बराचसा प्रकार आईच्या एक्स गुणसूत्रावरून मुलग्यांत येतो. आई ठणठणीत, आजारी फक्त मुलगे. एका कुटुंबाला हे सगळ्यांसमोर सांगितलं गेलं, दुसऱ्या एका ठिकाणी, पांढऱ्या कोटातल्या कुणीतरी, घाईत. त्यानंतर त्या मुलाची आई माहेरी गेली ती वर्षभर परतली नाही. तेव्हापासून घाटकोपरच्या ह्या दवाखान्यात असा रिपोर्ट आधी आईला एकटीला सांगितला जातो. तिला ठरवू दे, घरी काय आणि कसं सांगायचं. मग सगळ्यांसमोर बाई एवढंच म्हणतात की असे बदल प्रत्येकाच्या अंगात असतात, माझ्याही, फक्त ते कुठले हे आपल्याला कळलेलं नाही. पुढच्या गरोदरपणात तपासणीची सोय आहे, पण लिंग कुणालाही सांगितलं जात नाही. गर्भलिंगनिदानावर बंधन घालणारा कायदा करणारं महाराष्ट्र हे पहिलं राज्य, १९८८ साली, आणि तो कायदा का करावा लागला हे ह्या उपनगरांत दवाखाना चालवणाऱ्या कुणालाही नव्याने सांगावं लागत नाही.

आनुवंशिकतेचा शब्द उच्चारताना बाई सावध असतात, त्याला इतिहासही आहे. कुष्ठरोग घराण्यातून येतो असं युरोपातले मोठे डॉक्टरही धरून चालत. १८७३ साली नॉर्वेच्या हॅन्सेनने त्यामागचा जंतू दाखवला. आपल्याकडे लग्नं मोडायला मात्र ‘रक्तातच आहे’ हे कारण त्यानंतरही कित्येक दशकं पुरलं. आता जनुकांचं शास्त्र पुन्हा रक्ताकडे बोट दाखवतंय, तेव्हा ते बोट कुणावर रोखलं जाईल ह्याची काळजी घ्यायलाच हवी.

रक्ताचा वाटा आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. क्षयाचा संसर्ग झालेल्यांपैकी आयुष्यभरात साधारण पाच ते दहा टक्केच आजारी पडतात. १९३० साली जर्मनीतल्या ल्यूबेक शहरात तोंडावाटे द्यायच्या बीसीजीत चुकून खऱ्या क्षयाचे जंतू मिसळले गेले. अडीचशेच्या आसपास बाळांना ती लस मिळाली, सत्तरहून अधिक दगावली, बाकीची वाचली, काहींना तर विशेष काही झालंही नाही. जंतूंचं प्रमाण कमीजास्त होतं हे खरं, पण सगळं त्यानेच उलगडत नाही. डेन्मार्कमध्ये दत्तक गेलेल्या मुलांचा एक अभ्यास १९८८ मध्ये आला. जन्मदाता किंवा जन्मदात्री पन्नाशीआधी संसर्गाने गेली असेल तर मुलालाही तसं मरण येण्याचा धोका जवळजवळ सहापट. सांभाळणाऱ्या आईबापाच्या अशा मृत्यूने मात्र तो वाढत नव्हता.

आणि तरीही असल्फाच्या डोंगरावरच्या दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं झोपत असतील, तर पहिला प्रश्न खिडकीचा. गोवंडीजवळच्या तीन पुनर्वसन वसाहतींची पाहणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. इमारती जिथे एकमेकींना खेटून होत्या तिथे, आणि त्यातही ऊन-वारा न पोचणाऱ्या खालच्या मजल्यांवरच्या घरांत, क्षय जास्त होता. वरच्या आणि खालच्या मजल्यावरच्यांची जनुकं वेगळी नसतात. जुलै २०२० मधला कोविडचा सीरोसर्व्हे तसाच बोलका: माटुंगा, चेंबूर आणि दहिसरच्या भागांत झोपडपट्ट्यांमधल्या ५७ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेलेला, बाहेरच्या वस्तीत १६ टक्क्यांना. त्याच वर्षी बातमी आली की गंभीर कोविडशी जोडलेला निअँडरथलांचा एक जनुकतुकडा दक्षिण आशियातल्या जवळपास निम्म्या लोकांत आहे. बाईंना त्या आठवड्यात बोरिवली-अंधेरीहून जुन्या रुग्णांचे घाबरे फोन आले. पुढे आपल्याकडच्या संशोधकांनी तपासलं, तर युरोपात दिसलेलं ते नातं इथल्या लोकांना तसंच्या तसं लागू पडत नाही असं निघालं.

हा फरक लोकांच्या गळी उतरवणं अजून जमत नाही, असं बाई मोकळेपणाने सांगतात. एका जनुकातल्या दोषामुळे सबंध ग्राहकच गायब असणं ही दुर्मीळ आणि गंभीर गोष्ट. लाखो लोकांत आढळणारा एखादा बारीक बदल धोका किंचित इकडेतिकडे करतो, ही वेगळी गोष्ट. खासगी कंपन्यांच्या रंगीत अहवालांत दोन्ही एकाच टायपात छापलेल्या असतात. अंधेरी पश्चिमेचं एक जोडपं असा अहवाल घेऊन आलं, मुलाला ‘क्षयाचा वाढीव धोका’. मूल धडधाकट. बाईंनी अहवाल बाजूला ठेवून घरात कुणाला खोकला आहे का ते विचारलं, घरी कामाला कोण येतं, त्यांनाही. अहवालावर पैसे गेले होते, त्यामुळे जोडप्याला हे फारसं आवडलं नाही.

पैशांचं म्हणाल तर ज्यांना खरोखर गरज आहे त्यांच्यासाठी थोडं दार उघडलंय. २०२१ च्या दुर्मीळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणात अशा काही प्रतिकारदोषांसाठी अस्थिमज्जा प्रत्यारोपण बसतं, मदतीची मर्यादा पुढे पन्नास लाखांवर नेली, मुंबईत त्याचं केंद्र केईएम. बोरिवली पूर्वेला महापालिकेचं थॅलेसेमिया आणि अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचं केंद्र आहे, त्यामुळे मज्जा बदलणं म्हणजे काय हे उपनगरातल्या पालकांना आता निदान ऐकून माहीत असतं. पूर्वी ते शब्द काढले की आईबाप उठून उभे राहायचे.

अडचण उरते ती क्रमाची. बीसीजी जन्मल्याबरोबर द्यायची, आणि दोष कळायला काही महिने लागतात. सरसकट सगळ्या नवजात बाळांची ह्यासाठी तपासणी आपल्या सरकारी लसीकरणाच्या चौकटीत नाही. बाई लस थांबवा म्हणणाऱ्यांतल्या नाहीत. मुंबईत वर्षाला क्षयाचे पन्नास हजारांवर रुग्ण नोंदले जातात, इथे बीसीजी हवीच. पण ज्या घरात आधीचं मूल असं आजारी पडलं किंवा गेलं, तिथे पुढच्या बाळंतपणाच्या आधी त्या एक चिठ्ठी लिहून देतात: रिपोर्ट येईपर्यंत बीसीजी आणि पोलिओचे थेंब देऊ नयेत, हेपेटायटिस-बी द्यावी.

मागच्या पावसाळ्यात मुलुंडच्या एका प्रसूतिगृहातून सिस्टरचा फोन आला. चिठ्ठी मिळाली होती, पण रजिस्टरात बीसीजीचा रकाना रिकामा ठेवला की वरून विचारणा होते.

‘रिकामा कशाला ठेवता, माझं नाव आणि नोंदणी क्रमांक लिहा त्यात,’ बाई म्हणाल्या. ‘आणि नाळेचं रक्त घेतलंय ना? हिरव्या टोपणाच्या नळीत?’

घेतलं होतं, पण लाल टोपणाच्या. बाळाचा मामा स्टेशनजवळच्या लॅबमधून हिरवी नळी आणायला निघाला, आणि सिस्टरने बाळाच्या हातातून पुन्हा रक्त काढायची तयारी केली.